अफजलपुरात ‘अवसर’ म्हणजे घाई

कर्नाटकातल्या रस्त्यांवर एक पाटी ठिकठिकाणी भेटते: ‘अवसरवे अपघातक्के कारण’. लिपी कन्नड, त्यामुळे अक्कलकोटचे दर्शन उरकून गाणगापूरला निघालेल्या बहुतेक मराठी भाविकांच्या नजरेसमोरून ती नुसती मागे पडते. पण गाडीतल्या कुणी ती मोठ्याने वाचून दाखवली, तर मराठी कानाला तिच्यातले तिन्ही शब्द घरचे वाटतात. अवसर, अपघात, कारण. आपल्या कोशात तिन्ही आहेत, तरीही अर्थ लागत नाही. संधीमुळे अपघात कसा होईल? कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई. घाई हेच अपघाताचे कारण, एवढेच ती पाटी सांगते.

संस्कृतात ‘अवसर’ म्हणजे प्रसंग, नेमकी वेळ. मराठीने त्यातून संधी घेतली. कोकणात देवाचा ‘अवसर’ येतो, म्हणजे अंगात संचार होतो. संचाराच्या वेळेचे नाव पुढे संचारालाच पडले. तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज. कन्नडने वेळ निसटून चालल्याची तगमग तेवढी उचलली. एका शब्दाला चार वाटा फुटल्या आणि त्यातली एकही आडवाट नाही. वेळ आली की संधी असते, वेळेला गरज असते, वेळ थोडी उरली की घाई असते.

सीमेवरच्या माणसाला परका शब्द फारसा त्रास देत नाही. तो कानावर पडला की माणूस थांबतो, ‘म्हणजे काय?’ म्हणून विचारतो. त्रास देतो तो ओळखीचा शब्द, कारण तिथे कुणी विचारत नाही. अर्थ आपल्याला ठाऊकच आहे असे धरून आपण पुढे जातो. शब्द कुठून आला यावर त्याचा अर्थ ठरत नाही. त्या त्या भाषेच्या लोकांनी त्याला कोणत्या कामाला लावले यावर ठरतो. हे पाहायला अफजलपूरसारखी जागा नाही.

अफजलपूर हा कलबुर्गी जिल्ह्याचा पश्चिमेकडचा तालुका. भीमा त्याच्या अंगाने वाहते, वरच्या बाजूला सोलापूर जिल्ह्यातले अक्कलकोट लागते, आणि भीमा-अमरजेच्या संगमावरचे देवल गाणगापूर याच तालुक्यात येते. बोलण्यात कन्नड प्रमुख. तिच्या जोडीला मराठी, दख्खनी, तांड्यांवरची लमाणी आणि थोडी तेलुगू. भाषांची ही दाटी आजकालची नाही. याच जिल्ह्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, ‘कविराजमार्ग’ हा कन्नडचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ झाला, आणि त्याने कन्नडचा प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला. १३४७ मध्ये कलबुर्गी बहमनी राज्याची राजधानी झाली आणि फारसी आली. पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेला. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारभाराची भाषा म्हणून फारसीच्या जागी उर्दू बसली. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी. फारसी कानाला ‘गुलबर्गा’त फूल आणि पान दिसते, कन्नड माणूस ‘कलबुर्गी’त ‘कल्लु’ म्हणजे दगड ऐकतो.

आणि गाणगापूरची महती गाणारे गुरुचरित्र. महाराष्ट्रात घराघरांत ज्याची पारायणे होतात त्या मराठी ग्रंथाचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची भाषा कन्नड. आपल्याला मराठी येत नाही, असे ते ग्रंथाच्या आरंभीच नम्रपणे सांगतात, आणि ग्रंथात कन्नड पदेही आली आहेत. सप्ताहात ती पदे अर्थ न कळताही श्रद्धेने म्हटली जातात. मला हे फार मोलाचे वाटते. गाणगापूरची मराठी कीर्ती एका कन्नड माणसाने मराठीत लिहून ठेवली आहे.

आता शब्दांकडे. सर्वांत आधी बाजूला काढायचे ते निव्वळ योगायोगाने सारखे झालेले शब्द. मराठीत ‘ऊर’ भरून येतो. कन्नडमध्ये ‘ऊरु’ म्हणजे गाव. आपला ऊर संस्कृत ‘उरस्’मधून, म्हणजे छातीतून आला, कन्नडचा ऊरु अस्सल द्राविडी, तमिळपर्यंत तसाच. मराठीत ‘मने’ जुळतात. कन्नडमध्ये ‘मने’ म्हणजे घर. मराठीत ‘बाई’ म्हणजे स्त्री. कन्नड ‘बायि’ म्हणजे तोंड. मराठीत माणसाचे ‘हाल’ होतात. कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणजे दूध. माणसाच्या तोंडून निघणारे ध्वनी मोजकेच, आणि दोन अक्षरी शब्द प्रत्येक भाषेत शेकड्यांनी. तेव्हा अशा गाठी पडणारच. त्यांवरून नाते जोडायला गेले की माणूस भरकटतो, आणि मराठीत असे भरकटलेले लेखन कमी नाही.

योगायोग कुठला आणि नाते कुठले, हे ओळखायची पद्धत आहे. एखाद्या भाषेत ध्वनी बदलतो तेव्हा तो एकट्यादुकट्या शब्दात बदलत नाही, रांगेने बदलतो. जुन्या कन्नडमधला आरंभीचा ‘प’ दहाव्या शतकाच्या सुमारापासून पुढच्या काही शतकांत ‘ह’ झाला. दुधाचा ‘पालु’ ‘हालु’ झाला; तमिळमध्ये तो अजून ‘पाल्’च आहे. वाघाचा ‘पुलि’ ‘हुलि’ झाला. खेड्याची ‘पळ्ळि’ ‘हळ्ळि’ झाली. म्हणून हालु हा शब्द द्राविडी घरातलाच, आणि आपल्या ‘हाल’शी त्याचा काही संबंध नाही, हे खात्रीने सांगता येते.

आपला ‘हाल’ अरबी आहे. मूळ अर्थ ‘स्थिती’, चांगली किंवा वाईट कुठलीही. हालहवाल विचारतो तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो. एरवी मराठीने त्यात दुःखच भरले. ‘सध्याची स्थिती’ या अंगाने त्याच शब्दातून ‘हल्ली’ निघाले. हाच अरबी शब्द कन्नडनेही घेतला, पण तिथे ‘हालि’ म्हणजे चालू, विद्यमान. कन्नड वर्तमानपत्रात ‘हालि शासकरु’ असे छापून येते, त्याचा अर्थ ‘विद्यमान आमदार’. आमदाराला तिकडे ‘शासक’ म्हणतात, कारण तो शासन, म्हणजे कायदा, करणाऱ्या सभेचा सभासद. मराठीत शासक म्हणजे राज्यकर्ता, आणि शासन म्हणजे सरकार. अफजलपूरच्या बाजारात मराठी माणसाच्या कानावर दुधाचा हालु, खेड्याची हळ्ळि आणि विद्यमानचा हालि हे तिन्ही पडतात, आणि स्वतःच्या बोलण्यात हाल आणि हल्ली असतात. पाच शब्द, कानाला एका कुळातले वाटणारे. त्यांतली हालि, हाल आणि हल्ली ही सख्खी भावंडे. हालु आणि हळ्ळि यांचा या तिघांशी संबंध नाही, आणि आपसातही नाही.

स्वयंपाकघरात मात्र नाती खरी आहेत. ‘तूप’ आणि कन्नड ‘तुप्प’ हा एकच शब्द. प्राकृतातही तो ‘तुप्प’ म्हणून होता. बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ द्राविडी मानतात. हिंदी-गुजरातीत घृताचे ‘घी’ झाले, आणि शेजारच्या मराठीने कन्नडचा शब्द धरला. पण कन्नडमध्ये तुप्प एवढ्यावर थांबत नाही. ‘जेनुतुप्प’ म्हणजे मध. जेनु म्हणजे मधमाशी. तिने केलेला घट्ट, दाणेदार, सोनेरी पदार्थ तोही तुप्पच. भाकरीवर जेनुतुप्प घालू का, असे कन्नड घरात विचारले, तर मराठी पाहुण्याला तूप येणार असे वाटेल आणि येईल मध. इथे अर्थ बदललेला नाही, त्याची कड रुंद झाली आहे. अशी रुंद झालेली कड कोशात सहज दिसत नाही. ती ताटात दिसते.

पुरणपोळीची गोष्ट त्याहून सुंदर आहे. कन्नडमध्ये पोळीला ‘होळिगे’ म्हणतात आणि आतल्या सारणाला ‘हूरण’. संस्कृत ‘पूरण’ म्हणजे भरणे, भरलेले. मराठीत त्याचे पुरण झाले, कन्नडमध्ये ‘प’चा ‘ह’ होऊन हूरण झाले. यातून शब्दाचे वयही कळते. ‘पूरण’ कन्नडमध्ये जुन्या काळीच शिरला आणि रोजच्या बोलण्यात इतका मुरला, की ध्वनिबदलाच्या लाटेत तोही ओढला गेला. उलट गावांच्या नावातला ‘पुर’ कन्नडमध्ये पुरच राहिला, ‘हुर’ झाला नाही, कारण तो पंडितांच्या आणि शिलालेखांच्या भाषेतला, संस्कृतचे रूप जपणारा शब्द. चुलीजवळच्या शब्दाने बोलणाऱ्यांबरोबर रूप बदलले, कागदावरच्याने बदलले नाही.

नात्यागोत्यांचे शब्द मी थोडक्यात घेतो, कारण त्यांवर स्वतंत्रपणे लिहायला हवे. कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई, मराठीत ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण. कन्नडमध्ये ‘तात’ म्हणजे आजोबा, आपल्याकडे तात्या कुणीही वडीलधारा. ‘अण्ण’ तिकडे थोरला भाऊच. मराठीत मात्र कितीतरी घरांत वडिलांनाच अण्णा म्हणतात. याचे कारण शब्दात शोधून सापडत नाही, वाड्यात सापडते. एकत्र कुटुंबात धाकटे भाऊ ज्याला अण्णा म्हणत, त्याची मुलेही काकांचे ऐकून त्याला अण्णाच म्हणू लागली. शब्द तोच राहिला, पण हाक मारणारी पिढी बदलली.

आता संस्कृतातून घेतलेले शब्द. इथे फसगत सर्वांत जास्त होते, कारण सगळ्या भाषांनी एकाच भांडारातून माल उचलला आणि आपापल्या गरजेला जुंपला. ‘शिक्षा’ मूळची अध्ययनाची; वेदांच्या सहा अंगांत उच्चारशास्त्राला शिक्षा म्हणतात. हिंदीत ती शिक्षणच राहिली. मराठीत ती दंड झाली, कन्नडमध्येही (‘शिक्षे’) दंडच, तेलुगू, मल्याळम आणि गुजरातीतही तसेच. वाट समजायला अवघड नाही. ‘चांगला धडा शिकवतो’ असे आपण म्हणतो तेव्हा शिकवणे आणि दंड करणे एकाच वाक्यात असते. शिकण्यासाठी मग मराठी आणि कन्नड दोघींनी ‘शिक्षण’ हे रूप वेगळे राखले. दिल्लीहून आलेल्या पाटीवर ‘शिक्षा विभाग’ वाचून अफजलपूरचा मराठी आणि कन्नड माणूस सारखाच दचकेल. इथे भाषाकुळाची भिंत दोघांच्या मध्ये उभी नाही. दोघे एकाच बाजूला आहेत.

‘उपन्यास’ बंगाली आणि हिंदीत दीर्घ कथा. कन्नड आणि तेलुगूत व्याख्यान. कलबुर्गीच्या महाविद्यालयातला ‘उपन्यासक’ हा अध्यापक असतो, लेखक नव्हे. दीर्घ कथेला कन्नडमध्ये ‘कादंबरि’ म्हणतात, अगदी आपल्यासारखे. सातव्या शतकात बाणभट्टाने आपल्या गद्य कथेला तिच्या नायिकेचे नाव दिले. मराठी आणि कन्नडमध्ये त्या एका नायिकेचे नाव संपूर्ण साहित्यप्रकाराचे नाव झाले. मराठीत १८५७ चे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ पहिल्या कादंबऱ्यांत मोजतात. पुढे हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नड लेखक गळगनाथांनी कन्नडमध्ये नेल्या. पुस्तकांबरोबर पुस्तकाच्या जातीचे नावही हात बदलते, हे यावरून समजते. छापखाने आले, शाळा आल्या, नव्या गोष्टींना नावे हवी झाली. तेव्हा कोलकाता, काशी, पुणे, म्हैसूर इथे बसलेल्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच संस्कृतातून शब्द निवडले. आज शेजारी भेटतात तेव्हा त्या न विचारण्याचा हिशेब पुढे येतो.

‘उद्योग’ हा शब्द मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी, रोजगार. मराठीत तो कारखानदारी झाला. जुना अर्थ फक्त ‘तुला दुसरा उद्योग नाही का?’ असल्या बोलण्यात उरला. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि ‘रोहयो’ हे नाव खेड्यापाड्यांत रुजले. २००५ मध्ये त्याच धर्तीवर केंद्राचा कायदा आला, आणि कन्नडमध्ये त्याखालच्या योजनेचे नाव पडले ‘उद्योग खातरि योजने’. सीमेपलीकडच्या मराठी मजुराला या नावात कारखाना ऐकू येतो आणि ‘खात्री’ ऐकू येते. खोदकामाचे फावडे आणि घमेले त्यात दिसत नाही. कागदावर लिहिलेली हमी आपल्यासाठीच आहे हे त्याला शब्दावरून कळत नाही, कुणीतरी सांगावे लागते. खातरीचीही एक कथा आहे. अरबीत ‘खातिर’ म्हणजे मन. मन एकवटले, निर्धास्त झाले की ती खातरजमा. मन राखले की ती हिंदीतली खातिरदारी. मराठी-कन्नडमध्ये ती खात्री.

कचेरीतला दुसरा शब्द ‘राजीनामा’. ‘राजी’ अरबीतून, ‘नामा’ फारसीतून. मिळून संमतीचा लेख. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींनी न्यायालयात दाखल केलेली तडजोड. नोकरी सोडण्याला तिकडे इस्तीफा म्हणतात. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे. कन्नडमध्ये ‘राजीनामे’, तेलुगू, तमिळ आणि गुजरातीतही तोच अर्थ. संमतीतून सोडणे कसे निघाले? याचे उत्तर आपल्याच महसुली दप्तरात आहे. मुंबई इलाख्यातल्या रयतवारी पद्धतीत ज्याला जमीन सोडायची असे तो ‘राजीनामा’ लिहून देई, आणि जो घेणार तो ‘कबुलायत’ लिहून देई. राजीनामा-कबुलायत ही जोडी जुन्या कागदांत नेहमी एकत्र भेटते. मी राजीखुशीने ही जमीन सोडतो, असा तो लेख. त्यातली खुशी हळूहळू विसरली गेली, सोडणे उरले. जमीन सोडण्याच्या लेखाचे नाव मग पद सोडण्याच्या पत्राला मिळाले.

अफजलपूरच्या दृष्टीने यात एक खाच आहे. सोलापूरच्या बाजूला मुंबई इलाख्याची मराठी महसुली रीत, आणि अफजलपूरच्या बाजूला निजामाच्या न्यायालयाची उर्दू. उर्दू कागदावरचा राजीनामा भांडण मिटल्याचा पुरावा, मराठी कागदावरचा राजीनामा हक्क सोडल्याचा. जमिनीच्या वादात या दोन अर्थांत केवढे अंतर पडते हे सांगायला नको. कन्नडने दोन्ही सांभाळले: ‘राजि’ म्हणजे तडजोड, ‘राजीनामे’ म्हणजे पद सोडणे. सीमाभागातला जुना कागद वाचताना शब्दाआधी तो कुठल्या सरकारचा आहे ते पाहावे.

मग इतक्या भाषा रोज एकमेकींच्या अंगाला लागून असताना शब्दांचे अर्थ एक का होत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक गाजलेला अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. सांगलीजवळचे कुपवाड हे आता सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तिथली कन्नड, मराठी आणि उर्दू तपासून १९७१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे: पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेल्या लोकांच्या वाक्यांचा सांगाडा जवळजवळ एक झाला होता. एका भाषेतल्या वाक्यातला एकेक तुकडा काढून दुसरीचा तुकडा बसवला की दुसरे वाक्य तयार होत होते. शब्द मात्र ज्याचे त्याने राखले होते. बाजारात आणि शेतात एकमेकांचे बोलणे चटकन समजावे म्हणून व्याकरण जुळले. घरात आपण कोण हे राहावे म्हणून शब्द वेगळे राहिले. दख्खनीत ‘नको’चा ‘नक्को’ सहज गेला, कारण नकार सगळ्यांनाच लागतो. पण आईला काय म्हणायचे, भाकरीबरोबर काय खायचे, हे शब्द माणसे सोडत नाहीत. अफजलपूरच्या बाजारात कान देऊन उभे राहिलात तर वाक्यांची चाल एक आणि शब्दांची घरे निरनिराळी, हे तुमच्याही लक्षात येईल.

गावाच्या नावातच हा सगळा प्रकार आहे. ‘अफजल’ अरबी, अर्थ ‘अधिक श्रेष्ठ’. मराठी मनाला या नावाने १६५९ चा प्रतापगड आठवतो, पण शब्द तेवढाच नाही. ज्या धातूपासून तो झाला त्याचा मूळ भाव ‘उरणे, वर शिल्लक राहणे’. जो इतरांहून वर उरतो तो अफजल. विद्येत वर उरला तो उर्दूतला ‘फाजिल’, म्हणजे विद्वान. देवाकडून हक्काहून जास्त मिळाले ते ‘फजल’, कृपा. आणि मराठीत? ‘फाजील’ लाड, ‘फाजील’ आत्मविश्वास. वर उरलेले ते आपल्याला नकोसे झाले. एकाच धातूचा एक शब्द गावाचा मान वाढवायला वापरला गेला, आणि दुसरा पोराला दटावायला.

उरला ‘पूर’. नगराचा ‘पुर’ संस्कृतातला, मूळ अर्थ तटबंदीची जागा. ग्रीक ‘पोलिस’, म्हणजे नगर, त्याचा नातेवाईक मानला जातो, आणि सिंगापूरचे ‘पूर’ही आपलेच, सिंहपुरातले. नदीला येणारा ‘पूर’ वेगळा. तो ‘भरणे’ या अर्थाच्या धातूतला. पूर्ण, पुरवठा, पुरे, पुरण ही त्याची भावंडे. संस्कृतात एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ असे ते वेगळे होते. मराठीत शब्दाच्या शेवटचा अकार उच्चारातून गळला, त्याआधीचा उकार दीर्घ झाला, आणि दोन्ही एकाच रूपात येऊन बसले. ‘अफजलपूरला पूर’ हे मराठी वर्तमानपत्रातले शीर्षक कन्नडमध्ये तसे करताच येत नाही, कारण तिथे गाव ‘अफजलपुर’ आणि पुराला म्हणतात ‘प्रवाह’.

इथे मात्र शब्दाचा खेळ संपतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला मोठा पूर आला आणि कलबुर्गी जिल्ह्यात भीमाकाठच्या गावांना, अफजलपूर तालुक्यातल्या गावांनाही, त्याचा तडाखा बसला. या नदीचे पाणी वर सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून सुटते आणि खाली अफजलपूर तालुक्यातल्या सोन्न बंधाऱ्यावर येते. सोडणारे मराठीत बातमी देतात, झेलणारे कन्नडमध्ये. कन्नड सूचना असते ‘भीमा नदियल्लि प्रवाह’, भीमेला पूर. तोच ‘प्रवाह’ मराठी कानाला सांगतो की नदी वाहते आहे, काळजीचे काही नाही. उलट उजनीची बातमी येते ‘भीमेत विसर्ग वाढवला’. कन्नड माणसाला विसर्ग माहीत असतो तो व्याकरणातल्या दोन टिंबांचा. सुटलेल्या पाण्याला तिकडे ‘होरहरिवु’, बाहेर जाणारा ओघ, असा अस्सल कन्नड शब्द आहे. तो मराठी माणसाला अजिबात कळत नाही आणि त्यामुळे तो लगेच शेजाऱ्याला विचारतो.

भीमाकाठी दोन्ही बाजूंना सारखा कळतो तो ‘क्युसेक’. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. इंग्रजी अभियंत्यांच्या मोजमापातून आलेला हा शब्द मराठीत, कन्नडमध्ये आणि दख्खनीत तसाच आहे, आणि अजून त्याला दुसरा कुठला अर्थ चिकटलेला नाही. पावसाळ्यात दोन्हीकडची माणसे उजनीचा आकडा विचारतात तो याच शब्दात. सीमेवरच्या पूरसूचनांमध्ये या आकड्याबरोबर ‘पूर’ आणि ‘प्रवाह’ हे दोन्ही शब्द, दोन्ही लिप्यांत, शेजारीशेजारी छापायला हवेत. त्यासाठी फलकावर एक ओळ जास्त लागेल.